बा जेरेंचा मॉनिटर लागेना

"आज या खोलीत आफ्रिका खंडातल्या मक्याचं पुढच्या शंभर वर्षांचं भवितव्य ठरणार आहे!" असं खड्या आवाजात सांगून बियाण्यांच्या कंपनीचे साहेब बा सितुंबेको यांनी रिमोटचं बटण दाबलं, आणि एसी सुरू झाला.

रेजिना कापोत्वेने तो रिमोट त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला आणि टेबलावरचा दुसरा दिला. साहेबांनी तोही दाबला. भिंतीवरचा भलामोठा मॉनिटर काळाच राहिला. साहेबांनी हात लांब करून दाबला, मग उभं राहून दाबला, मग तळहातावर दोनदा आपटून दाबला.

"बा जेरे," ते म्हणाले, "भवितव्य दिसत नाहीये."

'बा' हा तिकडचा मानाने हाक मारायचा शब्द, पुरुषालाही आणि बाईलाही. लॅक्सन जेरे लॅपटॉपवर वाकले होते. अंगात नवा निळा सूट, बाहीवरचं लेबल अजून तसंच शिवलेलं. नवा कपडा नवा आहे हे लोकांना कळलं पाहिजे, नाहीतर घेतला कशाला, असं लुसाकात सगळेच मानतात.

"काल संध्याकाळी याने अपडेट मागितलं होतं, बॉस. मी हो म्हटलं. त्यानंतर हा मॉनिटरला ओळखच देत नाहीये."

"कशाला हो म्हटलंत?"

"रोज विचारत होता, बॉस. रोज किती नाही म्हणायचं?"

"लग्नालाही असंच हो म्हणालेत ते," रेजिना म्हणाली. "कंटाळून."

साहेब हसले. जेरेही हसले. त्यांना हसणं भागच होतं, आणि त्याचं कारण जरा सांगायला हवं.

रेजिना बेंबा जमातीची, जेरे न्गोनी जमातीचे. या दोघांच्या खापरपणजोबांनी एकेकाळी एकमेकांना भाल्यांनी भोसकलं. माणसं पुरेशी मेल्यावर दोन्हीकडच्या शहाण्यांनी ठरवलं, की यापुढे भोसकायचं ते फक्त तोंडाने. तेव्हापासून जगातला प्रत्येक बेंबा प्रत्येक न्गोनीचा आतेमामेभाऊ झाला. बेंबाने न्गोनीला उंदीरखाऊ म्हणावं, न्गोनीने बेंबाला माकडखाऊ म्हणावं; बँकेच्या रांगेत म्हणावं, चर्चमध्ये म्हणावं, मयताला जाऊन तर हटकून म्हणावं. नियम एवढाच, की ज्याला बोललं जातं त्याने हसायचं. त्याला राग आला तर तो माणूस हलका ठरला. मग त्याने कितीही शिकलेलं असो, सूट कितीही निळा असो.

साहेब स्वतः लोझी. त्यांची आतेभावंडं टोंगा, आणि ऑफिसात एकही टोंगा नव्हता. त्यामुळे बिचाऱ्यांना नुसतंच ऐकून हसावं लागे, आणि ते पोटभर हसत.

आता त्या दिवसाचं प्रकरण. बियाण्यांच्या त्या कंपनीतले लुसाकाचे मॅनेजर निवृत्त झाले होते. हाताखाली दोघं: जेरे आणि रेजिना. साहेबांनी जाहीर केलं होतं, की दोघांतला एक लुसाकात मॅनेजर होईल आणि दुसरा लुंदाझीचं गोदाम सांभाळायला जाईल. लुंदाझी पूर्वेला, न्गोनींच्या मुलखाकडे आहे. डांबर संपलं की माणसाला वाटतं आलं, पण तिथून पुढे बराच वेळ ते येत नाही.

मग संचालक मंडळाला पुढच्या हंगामाची योजना दाखवायचं ठरलं. योजना जेरेंनी लिहिली होती, तेव्हा दाखवायचं काम जेरेंकडे आलं. रेजिनाकडे 'व्यवस्था' आली. व्यवस्था म्हणजे चहा, वितुंबुवा नावाचे तळलेले गोड गोळे, खुर्च्या, आणि तो मॉनिटर. एकाला योजना आणि दुसरीला चहा, इतकं स्पष्ट सांगितल्यावर लुंदाझीला कोण जाणार हे वेगळं विचारायची गरज नव्हती.

रेजिनाचं लुसाकाच्या चलाला भागात घर बांधून होत आलं होतं. भिंती उभ्या होत्या, पत्रे चढले होते, स्वयंपाकघरासाठी मधाच्या रंगाच्या फरशा तिने निवडून ठेवल्या होत्या. रोज झोपताना ती त्या फरशांवरून मनातल्या मनात अनवाणी चालायची. जेरेंची बायको मोठ्या इस्पितळात नर्स होती आणि मुली शहरातल्या शाळेत जात होत्या. पण ते जेरेंचं जेरे बघतील.

मॉनिटर का लागत नव्हता, हे वाचकापासून लपवण्यात अर्थ नाही. खोलीत एका माणसाला ते पहिल्यापासून माहीत होतं, आणि ती रेजिना होती.

सभेच्या थोडं आधी लाईट गेली होती. लुसाकात लाईट जाते त्यात बातमी काही नाही. जनरेटर सुरू झाला, दिवे आले. पण परत येणारी वीज कधीकधी अशी उसळून येते, की आतलं सगळं जाळून टाकते. मागचा मॉनिटर तसाच जळला होता. म्हणून नव्याच्या आधी रेजिनाने 'गार्ड' बसवला होता. हा एक मुठीएवढा डबा असतो. वीज आली की तो लगेच पुढे सोडत नाही. लाल दिवा लावून थांबतो, वीज शहाण्यासारखी वागतेय याची खात्री करून घेतो, मग हिरवा होतो. टीव्हीचा गार्ड थोडकाच थांबतो. फ्रिजचा मात्र चांगला चहा ओतून, साखर ढवळून, पहिला घोट घेईपर्यंत थांबतो. दुकानात त्या दिवशी टीव्हीचा नव्हता, तेव्हा रेजिनाने फ्रिजचा आणला आणि कपाटामागच्या सॉकेटला लावून टाकला. मधे कोणी बटण बंद करून पुन्हा चालू केलं, तर तो सगळं थांबणं पहिल्यापासून थांबतो.

तिच्या खुर्चीवरून कपाट आणि भिंत यांच्यातली फट दिसत होती. फटीत लाल दिवा होता.

ती सांगणारच होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात साहेब गरजले, "मॉनिटरची व्यवस्था कोणाकडे होती?"

रेजिनाने उघडलेल्या तोंडात एक वितुंबुवा घातला.

"मॉनिटर ठीक आहे, बॉस," जेरे म्हणाले. भला माणूस होता. "अपडेटचाच घोळ आहे हा. दोष माझा. आत्ता करतो."

असं आपलं ओझं कोणी आपण होऊन उचललं, की आधी माणसाला हायसं वाटतं. मग वाटतं, उचललंच आहे तर थोडं पुढेही नेऊ द्यावं. रेजिनाने वितुंबुवा नीट चावून खाल्ला.

जेरेंनी वायर काढली, फुंकली, परत लावली. लॅपटॉपला विचारलं, दुसरा मॉनिटर कुठे आहे? लॅपटॉप म्हणाला, दुसरा कुठलाही मॉनिटर सापडला नाही. मग दाराशेजारच्या मोठ्या बटणाकडे जाऊन त्यांनी ते बंद केलं आणि चालू केलं.

फटीतला लाल दिवा विझला आणि पुन्हा लागला. गार्डने मोजायला पहिल्यापासून सुरुवात केली.

"लॅपटॉपवरच दाखवू का, बॉस?" जेरेंनी विचारलं.

"आणि संचालक मंडळाला माझ्या मांडीवर बसवू?" बाजूच्या खोलीतून कपबशांचा आवाज येत होता. मंडळ चहा घेत होतं आणि मंडळाचा चहा कधीही संपू शकत होता.

"आतेभावा," रेजिना म्हणाली, "तुमचा माऊस कुठे दिसत नाही तो?"

जेरेंनी टेबल चाचपलं. "इथेच होता…"

"मग गेला. न्गोनी माणसासमोर उघडा ठेवायचा नसतो, मी शिपायाला सांगितलं होतं. मीठ तरी लावलंत का?"

साहेबांनी टेबलावर थाप मारली. माऊस फायलीखाली सापडला. जेरे हसत म्हणाले, "माकडांच्या जंगलात ऑफिस थाटलंय, वस्तू जागेवर राहतील कशा?" उत्तर वाईट नव्हतं. पण ते टेबलाखाली गुडघ्यांवर बसून दिलं होतं, आणि तिथून कुठलंच उत्तर चांगलं ऐकू येत नाही.

साहेबांनी कित्वेच्या तंत्रज्ञाला फोन लावायला सांगितलं. बा सिंकाला त्यांचं नाव. रेजिनाने लावला, आणि लावला म्हणून तीच तो धरून बसली.

"दिवा लागलाय का बघा," सिंकाला म्हणाले. "लहान दिवा."

रेजिनाने फटीकडे पाहिलं. "लागलाय की."

"कुठल्या रंगाचा?"

"लाल."

"लाल म्हणजे वीज आहे, मॉनिटर झोपलाय. कॉम्प्युटरकडून काही येत नाहीये त्याला. अपडेट कोणी केलं?"

"बा जेरेंनी," रेजिना जरा मोठ्याने म्हणाली.

"अरे देवा. बरं, भिंतीचं बटण बंद करा, मनातल्या मनात थोडं मोजा, परत चालू करा."

"बा जेरे, बटण बंद करून चालू करायला सांगताहेत."

जेरेंनी केलं. लाल दिवा विझला, लागला. गार्ड पुन्हा पहिल्यापासून.

रेजिनाच्या लक्षात आलं, की आपण एकही शब्द खोटा बोललो नाही. तिला स्वतःविषयी थोडा आदर वाटला. येत्या रविवारी चर्चमध्ये ताठ मानेने बसता येईल असा सगळा कारभार होता.

त्यानंतर जेरेंनी जे केलं, ते पाहून दगडालाही दया आली असती. त्यांनी दुसरी वायर लावली. मॉनिटरचा ड्रायव्हर काढला आणि परत घातला. एकदम तीन तीन बटणं दाबली, तशी लॅपटॉपची स्क्रीन उलटी झाली. मग मान वाकडी करून ती सुलटी केली. आणि दर उपायानंतर, आता लागलाच पाहिजे या आशेने, ते दाराशी जाऊन बटण बंद-चालू करायचे. दोनदा गार्ड अगदी हिरव्याच्या तोंडाशी आला होता. एकदा तर रेजिनाला डब्यात 'टक' असा बारीक आवाज आल्यासारखा वाटला, आणि तिने हातातला कप बशीत ठेवला. पण जेरे तोवर दाराशी पोचले होते.

"तिकडे जाऊ नका हो सारखे," साहेब वैतागले.

रेजिनाने चटकन मान वर केली. हे म्हणजे भलतंच. साहेबांचं ऐकून जेरे आता स्वस्थ बसले तर?

"जाऊ द्या त्यांना, बॉस," ती गोड आवाजात म्हणाली. "पूर्वेकडे बिळाच्या तोंडाशी असंच बसावं लागतं म्हणे. एकदा बाहेर येईलच. हो ना आतेभावा?"

जेरे हसले. पण आता हसताना त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून नव्या कॉलरमध्ये जात होता. "शेवटचा उपाय," ते म्हणाले. "सगळं अपडेटच मागे घेतो. कॉम्प्युटर कालच्यासारखा होईल."

"वेळ लागेल?"

"थोडा."

लॅपटॉपवर एक गोल फिरायला लागला. तिघं त्या गोलाकडे बघत बसले. बटणाजवळ कोणी नव्हतं. रेजिनाने फटीकडे पाहिलं. लाल. अजून लाल. पण आता कोणत्याही क्षणी हिरवा होणार, मॉनिटर उजळणार, जेरे हात झटकत म्हणणार, बघा, अपडेट काढलं आणि लागला. साहेब म्हणणार, शाब्बास. मंडळ येणार, योजना बघणार. योजना चांगली होती. रेजिनाने ती चोरून वाचली होती. आणि मग मधाच्या रंगाच्या फरशांवर दुसरंच कोणी भाड्याने राहणार.

तेव्हा ती बोलली. आवाज अगदी थट्टेचा होता.

"आतेभावा, आठवतं का? मागच्या थंडीत तुमच्या वडिलांच्या मयताला मी आले होते."

जेरेंनी मान हलवली. ते कसं विसरतील? रिवाजाप्रमाणे रेजिना त्या दिवशी उघड्या खड्ड्यात उतरून आडवी झाली होती. कोंबडी कबूल केल्याशिवाय उठणार नाही, म्हातारा इथे मावणार नाही, उंदीर खाऊन फार सुटलाय, असं ती खड्ड्यातून ओरडत होती, आणि रडणारी माणसं रडता रडता हसली होती. रिवाज त्यासाठीच असतो. स्वतः जेरे त्या दिवशी तिचे हात हातात घेऊन म्हणाले होते, की तू आलीस म्हणून आईने दोन घास खाल्ले.

"त्या दिवशीही दिवे लागले नव्हते," रेजिना म्हणाली. "मंडपातला एक बल्ब लागेना. तुम्ही असेच घामाघूम होऊन बटणं दाबत होतात. मला वाटतं, म्हाताऱ्याला तेव्हाच कळलं असणार. आपल्या पोराच्या हातून उजेड पडायचा नाही, त्यापेक्षा डोळे मिटलेले बरे."

साहेब हसायला लागले आणि अर्ध्यात थांबले.

जेरेंच्या हातात जुनी वायर होती. ती त्यांनी टेबलावर इतक्या जोरात आपटली, की बशीतले वितुंबुवा उडून खाली घरंगळले.

"पुरे!" ते ओरडले. "गप्प बैस, बाई! एक शब्द बोलू नकोस माझ्या बापाबद्दल!"

बाजूच्या खोलीतला कपबशांचा आवाज थांबला.

रेजिनाने तोंडावर हात ठेवला. हाताच्या आड चेहरा कसा होता, हे कोणाला दिसलं नाही. "अहो, थट्टा केली मी," ती हळूच म्हणाली. "आतेभाऊ म्हणून."

"मला माहीत आहे," जेरे म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. आपण काय केलं हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. "चुकलो मी. कोंबडी देतो. बकरा देतो."

पण साहेब उभे राहिले होते. लोझी माणूस, दरबारी रीतीत वाढलेला. त्यांना योजना फारशी कळत नसे, मॉनिटर त्याहून कमी कळत असे, पण भर सभेत आतेबहिणीवर रागावणं म्हणजे काय, हे त्यांना पाळण्यातच कळलं होतं.

"बा जेरे, शेतकरी आपल्याला काय काय बोलतात माहीत आहे ना? बी उगवलं नाही की आई-बाप, आजा-पणजा, सगळ्यांना बाहेर काढतात. आतेबहिणीची थट्टा सोसवत नाही, तो माणूस लुसाकाचं ऑफिस कसं चालवणार?"

"बॉस, सकाळपासून मी…"

"सकाळपासून तुम्ही एक मॉनिटर लावू शकला नाहीत. तेही मी विसरलो असतो. तुम्ही लुंदाझीला जा. आपल्या मुलखात माणसाचं डोकं शांत राहतं." मग ते रेजिनाकडे वळले. "बा कापोत्वे, आजपासून ही खुर्ची तुमची. मी मंडळाला तसं सांगतो. आणि तो मॉनिटर जाऊ दे खड्ड्यात, तोंडीच सांगू काहीतरी."

साहेब बाजूच्या खोलीत गेले. जेरेंनी ती जुनी वायर गुंडाळली, जशी नीट गुंडाळतात तशी, आणि टेबलाच्या कडेला ठेवली. खाली वाकून घरंगळलेले वितुंबुवा गोळा केले आणि बशीत ठेवले. लॅपटॉप कंपनीचा होता, तो तसाच सोडला. दाराशी पोचल्यावर त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला. मग त्यांनी तो खिशात घातला.

"मुलींची शाळा वर्षाच्या मधे सोडवावी लागेल," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही, कारण खोलीत रेजिनाशिवाय कोणी नव्हतं आणि ते तिच्याकडे बघत नव्हते.

"तिकडे फुकट मटण आहे, आतेभावा. शेपटीसकट," रेजिना म्हणाली. सवय सुटत नाही.

या वेळी ते हसले. अगदी नियमाप्रमाणे. आणि गेले.

खोलीत कोणी बटणाला हात लावणारं उरलं नाही. रेजिना मॅनेजरच्या खुर्चीत बसली. खुर्ची मऊ होती, फिरत होती. तिने एक फेरी मारून पाहिली. फेरी पूर्ण होता होता कपाटामागे 'टक' झालं. फटीत हिरवा दिवा लागला आणि भिंतीवरचा मॉनिटर लख्ख उजळला. इतका, की बाजूच्या खोलीतही निळा उजेड गेला.

"लागला?" साहेबांचा आवाज आला. "अहो, लागला! बघा मंडळी, आमच्या नव्या मॅनेजरबाई! जे करण्यात बा जेरेंनी सकाळ घालवली, ते यांनी बसल्या जागी केलं! चला, चला, कप घेऊनच चला. बाई आता योजना दाखवतील."

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. रेजिनाने पुढे होऊन माऊस हलवला. अपडेट मागे घेऊन लॅपटॉप नव्याने सुरू झाला होता. अख्ख्या भिंतीवर, निळ्या डोंगरावरच्या सूर्योदयासमोर, मोठ्या अक्षरांत नाव होतं: लॅक्सन जेरे. नावाखाली एक पांढरी रिकामी चौकट, आणि तिच्यात एक उभी रेघ लुकलुकत होती.

रेजिनाने जेरेंच्या बायकोचं नाव घालून पाहिलं. मग थोरल्या मुलीचं, मग धाकटीचं. मग पूर्वेकडच्या न्गोनींच्या शहराचं नाव, 'चिपाटा', घातलं, आणि मग, आता लाज कसली, 'उंदीर'. चौकट दर वेळी थोडी थरथरली आणि रिकामी झाली. दारात संचालक मंडळाचे पहिले बूट दिसले.

"बसा, बसा, आलेच मी, साखर राहिली," असं म्हणत ती मागच्या दाराने निघाली. जिन्यावर टाचेच्या चपला हातात घेतल्या. आवारात ऊन मी म्हणत होतं. जेरे आंब्याखाली गाडीत बसले होते, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडी सुरू केलेली नव्हती. कोट काढून मागच्या सीटवर नीट टांगला होता, आणि टाय निम्मा सोडवून तसाच राहिला होता.

रेजिना खिडकीशी येऊन उभी राहिली. फरशी तापलेली होती, म्हणून तिला एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर उभं राहावं लागत होतं. दम लागला होता. आतेभावा म्हणावं की बा जेरे, हे तिला क्षणभर ठरवता येईना. वरच्या खिडकीतून साहेबांनी हाक मारली.

"बा जेरे," ती म्हणाली, "तेवढा पासवर्ड सांगता का?"